वकिली सोडताना सोबत काय न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा न्यायालयात नऊ वर्षांची प्रॅक्टिस, वय ३५. निम्मं काम दिवाणी दाव्यांचं, थोडं १३८ चं (चेक न वटल्याच्या खटल्यांचं), एका बँकेच्या पॅनेलवर सर्च रिपोर्टचं (मालमत्तेच्या मालकीचे जुने कागद तपासून द्यायच्या अहवालांचं) काम, अधूनमधून अपघात दावे. फी येते तेव्हा येते, घराचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. कोर्टाबाहेर काही करायचं तर या नऊ वर्षांतलं काय उपयोगी पडेल आणि सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय करायचं?

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. ड्राफ्टिंग, युक्तिवाद, संवादकौशल्य, विश्लेषणक्षमता ही यादी कुणाच्याच कामाची नाही. प्रत्येक वकील हीच यादी बायोडाटात लिहितो आणि कुठलीही कंपनी ‘विश्लेषणक्षमता’ नावाच्या पदाची जाहिरात देत नाही. त्यापेक्षा गेल्या दोन वर्षांत निकाली निघालेल्या वीस-तीस फायली काढा आणि एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात प्रत्यक्ष काय केलंत ते क्रियापदात लिहा: तपासलं, मोजलं, उलटतपास घेतला, तडजोड घडवली. दुसऱ्यात त्यातून कोणता कागद तयार झाला, तिसऱ्यात किती तास गेले, चौथ्यात पैसे कोणी दिले. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा: हे काम चुकलं असतं तर नुकसान कोणाचं झालं असतं?

त्या पाचव्या रकान्यात ज्याचं नाव येतं तो तुमचा पुढचा मालक. सर्च रिपोर्ट चुकला तर बँक आणि बिल्डर बुडतात. भरपाईचा आकडा चुकला तर विमा कंपनी. कामगाराची चौकशी नीट झाली नाही तर कारखाना. करारातलं एक कलम निसटलं तर सॉफ्टवेअर कंपनी. ही मंडळी आजही बाहेरच्या वकिलाला पैसे देतात आणि ते काम घरात करणारा माणूस त्यांना हवा असतो. तिथे तुम्हाला ‘क्षेत्र बदलणारा उमेदवार’ म्हणून उभं राहावं लागत नाही. तुम्ही फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसता.

जमीन: तुमचा सर्वांत भक्कम दरवाजा

तुमच्या वर्णनात सर्च रिपोर्ट तिसऱ्या क्रमांकावर आले आहेत. ते पहिले असायला हवेत. बिल्डर, गोदामं आणि डेटा सेंटर उभारणाऱ्या कंपन्या, सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प, महामार्गाची कंत्राटं घेणारे, या सगळ्यांकडे जमीन विभाग असतो. त्या विभागांत एमबीए झालेले भरपूर असतात. फेरफार (सातबाऱ्यावरच्या मालकीबदलाच्या नोंदी) वाचता येणारे कमी.

महाराष्ट्रातली शेतजमीन हाताळायची तर काय माहीत हवं ते बघा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ चं बंधन. कुळाला मिळालेल्या जमिनीवर विक्रीला बंधन घालणाऱ्या कलम ४३ चा शेरा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली जमीन. आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ. वतन, इनाम, तुकडेबंदी. एकत्रीकरणात जुना सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झाला, पण जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबरच राहिला. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणी नकाशाच्या क प्रतीवरचं क्षेत्र जुळत नाही. हे तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला ते ‘कौशल्य’ वाटत नाही. मुंबईच्या ऑफिसात बसून तीनशे एकर एकसंध जमीन शोधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र तेच सगळं आहे.

अडचण येते ती मांडणीत. बँकेला दिलेला रिपोर्ट ‘शीर्षक निर्वेध व विक्रीयोग्य’ असं म्हणून संपतो. शंका असेल तर वकील तेरा पानं लिहून शेवटी हात झटकतो. कंपनीला त्यापुढचं हवं असतं: घ्यायची का, किती दिवसांत, किती खर्चात आणि कोण करणार. एक नमुना घ्या. १९८७ च्या वारस फेरफाराला दोन भाऊ आणि दोन बहिणी. पुढच्या फेरफाराने बहिणींची नावं कमी झाली, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र सापडत नाही. पारंपरिक रिपोर्टात इथे ‘बहिणींचा हक्क नाकारता येत नाही’ असं वाक्य येऊन परिच्छेद संपतो.

जमीन विभागाच्या तक्त्यात त्याच मुद्द्याची ओळ अशी लिहा. जोखीम: दोन बहिणींचा हिस्सा अजून सुटलेला नाही. उपाय: दोघींकडून नोंदणीकृत हक्कसोड किंवा खरेदीखतात संमती देणार म्हणून सही. अडथळा: एक बहीण परदेशात, म्हणून कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणणं, भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरणं. वेळ: सहा ते आठ आठवडे. जबाबदारी: स्थानिक वकील. तोपर्यंत काय: फक्त विसार, तोही परतीच्या अटीवर, बाकी रक्कम रोखलेली. या एका ओळीवर जमीन विभागाचा प्रमुख वरच्या माणसाला उत्तर देऊ शकतो. तुमच्या जुन्या रिपोर्टांपैकी पाच असे पुन्हा लिहून काढा, नावं-गावं-गट नंबर बदलून. मुलाखतीला जाताना हाच तुमचा पोर्टफोलिओ.

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात. एक, जमीन विभागाची नोकरी म्हणजे ऑफिसातली नोकरी असं समजून येतात. ती निम्मी गाडीत, तलाठी कार्यालयात आणि भूमी अभिलेखच्या खिडकीसमोर असते. दोन, सनद ठेवून ‘साइडला’ जमिनीची दलाली सुरू करतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४७ प्रमाणे वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. प्रत्यक्ष काम न करता, वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधा न आणणाऱ्या धंद्यात नुसता पैसे लावणारा भागीदार राहता येतं तेवढंच. शिवाय बांधकाम प्रकल्पातल्या सदनिका विकायच्या तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) एजंट नोंदणी लागते आणि आता त्यासाठी परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्रही.

अपघात दावे आणि विमा

मोटार अपघात न्यायाधिकरणात काम केलेला वकील भरपाईचा आकडा डोळे मिटून काढतो. उदाहरणार्थ: मृत व्यक्ती ३४ वर्षांची, स्वयंरोजगार, महिना २०,००० उत्पन्न, मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातली वाढ ४० टक्के, म्हणजे २८,०००. अवलंबून असलेले चार, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा; उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. सरला वर्मा निकालातला (२००९) ३१ ते ३५ वयाचा गुणक १६. एकूण ४०,३२,०००, वर अंत्यविधी, वारसांचं साहचर्य (जवळच्या माणसाची साथ गमावल्याची भरपाई) वगैरे ठरावीक शीर्षकं.

तुम्ही हा आकडा अर्जदारासाठी मागता. विमा कंपनीला हाच आकडा दाव्याची नोटीस आल्या आठवड्यात हवा असतो, कारण तेवढी रक्कम ‘रिझर्व्ह’ म्हणून बाजूला दाखवावी लागते. रिझर्व्ह कमी दाखवला आणि चार वर्षांनी मोठा निवाडा आला की त्या विभागाचं बिंग फुटतं. म्हणून थर्ड पार्टी क्लेम्स विभागात दोन्ही बाजू पाहिलेला वकील चालतो: कुठली केस लोकअदालतीत मिटवायची, कुठे परवाना किंवा परमिटचा बचाव खरोखर टिकेल आणि कुठे तो नुसता लेखी कैफियतीची पानं भरण्यापुरता आहे, हे त्याला कळतं. सोबत मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट परीक्षा दिली तर विम्याची भाषा येते आणि बायोडाटावर गांभीर्य दिसतं. नोकरी मिळण्याआधी एवढीच परीक्षा पुरे. असोसिएट, फेलोशिप नंतर.

वसुली, कारखाने, करार

१३८ चं काम जेवढं वाटतं तेवढं मोठं भांडवल नाही. नोटिशीचे तीस दिवस, पैसे भरायचे पंधरा, फिर्यादीचा एक महिना हे गणित आता सॉफ्टवेअर सांभाळतं आणि वित्त कंपन्या ते ठोक भावात बाहेर देतात. त्यालाच सरफेसीची (बँकेला तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणाऱ्या कायद्याची) जोड असेल तर किंमत वाढते: कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस नीट बजावली गेली का, कलम १४ च्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात कायद्याने सांगितलेले नऊ मुद्दे आहेत का, ताबा घेताना भाडेकरू निघाला तर काय. बँका आणि गृहवित्त कंपन्यांच्या वसुली विभागात हा माणूस लागतो. पण महिन्याचं टार्गेट असतं हे लक्षात ठेवून जा. कोर्टाने तारीख दिली हे तिथे कारण म्हणून चालत नाही.

कामगार न्यायालयात काम केलं असेल तर चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी या पट्ट्यांत औद्योगिक संबंधांचं काम आहे. कारखान्याच्या डोमेस्टिक इन्क्वायऱ्या (कामगारावरच्या आरोपांच्या अंतर्गत चौकश्या) ठरावीक ठिकाणी मोडतात. चौकशी अधिकारीच व्यवस्थापनाच्या बाजूने साक्षीदाराला प्रश्न विचारतो, कागदपत्रांच्या प्रती कामगाराला मिळत नाहीत, निष्कर्षात कारणं नसतात, शिक्षेआधीच्या नोटिशीसोबत अहवाल जोडलेला नसतो. मग चौकशी योग्य होती का हाच प्राथमिक मुद्दा कंपनी हरते आणि सगळा पुरावा कोर्टात नव्याने द्यावा लागतो. हे आधीच थांबवणारा माणूस एचआरला हवा असतो. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुने एचआर अधिकारीही सध्या नव्याने वाचन करत आहेत. इथे नव्या माणसाचं मागे पडणं कमी. कामगार कायदे व कामगार कल्याण ही पदविका संध्याकाळच्या वर्गांत करता येते आणि या क्षेत्रात तिला खरंच मान आहे.

लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या (२०१३) अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसणं हे वेगळं काम आहे. नव्वद दिवसांत चौकशी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि उलटतपासाची कोर्टातली धार पूर्ण म्यान करून प्रश्न विचारणं. सनद न सोडता हे करता येतं, म्हणून कॉर्पोरेट वातावरण आतून पाहण्यासाठी उत्तम. घर चालेल एवढे पैसे त्यात नाहीत.

करारांचं काम पुणे-मुंबईत सगळ्यात जास्त आहे आणि जिल्हा कोर्टातल्या वकिलाला सगळ्यात परकं वाटतं. इंग्रजी हा अडसर असतोच, पण खरा अडसर हाताचा आहे. वर्षानुवर्षं टायपिस्टला सांगून काम केलेलं असतं. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस, आपोआप बदलणारे कलम क्रमांक, व्याख्या केलेला शब्द सगळीकडे तसाच वापरणं, दोन मसुद्यांची तुलना, एक्सेलमध्ये फिल्टर आणि पिव्हट टेबल, हे दोन महिने रोज तासभर करा. कुठलाही सेवा करार घ्या आणि नुकसानभरपाईची हमी, जबाबदारीची कमाल मर्यादा, करार संपवण्याची कलमं आणि गोपनीयता एवढीच चार ठिकाणं पुरवठादाराच्या बाजूने दुरुस्त करा. मग तोच करार ग्राहकाच्या बाजूने. असे दहा झाले की चाचणीत पास व्हाल. (जाता जाता: मराठी मसुदे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवले असतील तर ते युनिकोडमध्ये आणा. कंपनीच्या संगणकावर ते अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन उघडतात.)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी असल्याने कंपन्यांनी तयारी सुरू केली आहे. करार वाचायची सवय लागली की इथून डेटा गोपनीयतेच्या कामाकडे वळता येतं; उलट दिशेने, थेट, कठीण.

बाकीचे रस्ते पटकन. आयबीपीएसच्या (सरकारी बँकांच्या भरती परीक्षेच्या) मार्फत बँकेत लॉ ऑफिसर, स्केल एक: खुल्या वर्गाला वयाची मर्यादा ३०, तुमच्यासाठी बंद. जिल्हाधिकारी कार्यालयं आणि महापालिकांतले कंत्राटी विधी अधिकारी: अनुभव चांगला, पण करार अकरा महिन्यांचा, घराचा हप्ता चालू असताना पहिला पर्याय म्हणून नको. विधी महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवायचं तर एलएलएम ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट. वनहक्क कायद्यावर काम करणाऱ्या संस्था गडचिरोली, नंदुरबारकडे वकील शोधत असतात. पुरावे गोळा करणं, उपविभागीय समितीकडे साठ दिवसांत दाद मागणं हे तुम्हाला जमेल, पगाराची अपेक्षा मात्र वेगळी ठेवा. जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते, ती तुमची झाली आहे. पण तो अभ्यास वेगळा आणि तो करायचा तर प्रॅक्टिस सोडायची घाई करू नका.

बायोडाटा, आकडे, मुलाखत

तुमचा बायोडाटा बहुधा असा असेल: ‘दिवाणी व फौजदारी प्रकरणांचा नऊ वर्षांचा व्यापक अनुभव, विविध न्यायालयांत यशस्वी युक्तिवाद.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जमीन विभागासाठी तीच नऊ वर्षं अशी लिहा: ‘बँकेच्या पॅनेलसाठी तीस वर्षांचे शोध अहवाल, वर्षाला अमुक, त्यांपैकी अमुक प्रकरणांत दोष दाखवून कर्ज थांबवले, चार तालुक्यांतील दुय्यम निबंधक व भूमी अभिलेख कार्यालयांत नियमित काम, मोडी कागदपत्रे वाचकाकडून वाचून घेण्याचा अनुभव.’ आकडे खरे लिहा, डायरीतून मोजून. विमा कंपनीला पाठवताना जमिनीची ओळ खाली आणि न्यायाधिकरणाची वर. एकच बायोडाटा सगळीकडे पाठवणं ही वकिलांची नेहमीची चूक. दावा आणि जामीन अर्ज एकाच नमुन्यात कुणी लिहीत नाही, मग इथे का?

गोपनीयता इथेही लागू आहे. अशिलाने सांगितलेलं गुपित राखण्याचं बंधन वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही; भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते स्पष्ट आहे. मुलाखतीत ‘अमक्या बिल्डरची केस मीच पाहत होतो’ असं सांगणारा उमेदवार समोरच्याला प्रभावित करत नाही, घाबरवतो.

पगाराचा मुद्दा आधी सोडवून ठेवा. एचआर तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागेल; तुमच्याकडे त्या नसतात. त्याऐवजी तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं उत्पन्नाच्या मोजणीसह, २६एएस (कापलेल्या कराचं विवरण) आणि बँकेने कापलेल्या टीडीएसचा तपशील तयार ठेवा. इथे एक खड्डा आहे. अनुमानित नफ्याच्या योजनेत, म्हणजे कलम ४४एडीए खाली, सहा लाख जमा दाखवून निम्मा नफा जाहीर केला असेल तर एचआरच्या कागदावर तुमचं उत्पन्न तीन लाख होतं आणि त्यावर तीस टक्के वाढ देऊन ते उदार झालेले असतात. म्हणून एकूण जमा आणि जाहीर नफा दोन्ही दाखवा आणि बोलणी जुन्या उत्पन्नावरून न करता त्या पदाच्या बजेटवरून करा. विवरणपत्रात न दाखवलेली रोख फी इथे सांगायला जाऊ नका. ती सिद्ध होणार नाही आणि सांगितल्याने अडचणच वाढेल. तुलना करतानाही नीट करा: फीमधून ज्युनियरचे पैसे, टायपिंग, चेंबरचं भाडं आणि पेट्रोल वजा करा, सीटीसीमधून (कंपनीने सांगितलेल्या एकूण वार्षिक खर्चातून) कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वजा करा, मग दोन आकडे शेजारी ठेवा.

‘वकिली का सोडताय?’ हा प्रश्न नक्की येणार. तारखांना कंटाळलो, कोर्टात काही राम राहिला नाही, ही उत्तरं कितीही खरी असली तरी ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की हा माणूस इथेही कंटाळेल. चालणारं उत्तर कामाबद्दलचं असतं: ‘माझ्याकडे व्यवहार बिघडल्यावर येतो. सर्च रिपोर्टच्या कामात तो बिघडण्याआधी दिसतो. ते काम मला पूर्णवेळ करायचं आहे.’ आणि उत्तर तिथेच थांबवा. वकिलांना मुलाखतीत लांब बोलण्याची खोड असते. कारण कोर्टात थांबलं की समोरचा उठतो.

सनद

बार कौन्सिलच्या नियम ४९ मध्ये शंकेला जागा नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की ज्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचं या बाबतीतलं धोरण पूर्वीपासून कडक आहे. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या डॉ. हनीराज चुलानी यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये बार कौन्सिलच्या बाजूने निकाल लागला.

याचा अर्थ सनद गमावली असा नाही. ऐच्छिक स्थगितीसाठी मूळ सनदेसह नोंदणीकृत टपालाने कळवायचं. परत यायचं ठरलं की सचिवांकडे अर्ज आणि मधल्या काळात वकील अधिनियमाच्या कलम २४अ खालची कोणतीही अपात्रता आली आहे का हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. स्थगितीचा काळ वकिलीचा अनुभव म्हणून धरला जात नाही, हे मात्र न्यायिक सेवेचा विचार असेल तर आधीच मोजून ठेवा.

सनद ठेवून काय करून पाहता येतं? कायदा शिकवणं, दिवसाला तीन तासांपर्यंत. कायद्याच्या पुस्तकांचं संपादन, वर्तमानपत्रासाठी मजकूर तपासून देणं, परीक्षेचे पेपर काढणं-तपासणं, व्याख्यानं. अर्धवेळ नोकरी बार कौन्सिलच्या संमतीने. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेऊन मध्यस्थ म्हणून काम. अंदाज घ्यायला एवढं पुरतं.

आणखी एक बारकावा, जो कंपनीत गेलेले बहुतेक वकील विसरतात. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कंपनीत पगारावर असलेल्या कायदा अधिकाऱ्याला वकील-अशील संवादाचं कलम १३२ मधलं संरक्षण मिळत नाही, कारण तो प्रॅक्टिस करणारा वकील नाही. म्हणजे चेंबरमध्ये ज्या मोकळेपणाने मत लिहून देत होता त्या मोकळेपणाने कंपनीचे ईमेल लिहायचे नाहीत. नाजूक मत बाहेरच्या वकिलाकडून घ्या.

फायली उतरवणं

क्रम महत्त्वाचा: आधी नियुक्तीपत्र हातात, मग अशिलांना सांगणं, मग पर्सिस (न्यायालयाला लेखी कळवणं), शेवटी सनद. अनेक जण उलटं करतात. बार रूममध्ये बातमी फुटते आणि येणं असलेली फी त्याच दिवशी थांबते. फाइल अडवून फी वसूल करता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने वकिलाचा फायलीवर धारणाधिकार नाकारला आहे. म्हणून सहा महिने आधीपासून नवे दावे घेणं बंद, फक्त थोड्या मुदतीची कामं, आणि जुन्या बाकीची शांतपणे वसुली.

प्रत्येक फायलीला एक पान लावा: टप्पा, पुढची तारीख, शेवटच्या रोजनाम्यात काय, कोणते मूळ दस्त आपल्याकडे, फी किती आली आणि त्यातली किती कामापोटी झाली. न झालेल्या कामाची फी परत करायची असते आणि पुरेशी सूचना न देता काम सोडायचं नसतं. दोन्ही नियमातच आहे. नुसती तोंडी ‘दुसरा वकील बघा’ पुरत नाही. वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने संपेपर्यंत चालूच राहतं, त्यामुळे पर्सिस दाखल करून तिच्यावर आदेश झाल्याची नक्कल ठेवा. उलटतपास अर्धा झालेला असेल तो पूर्ण करूनच निघा. निकाल लागलेल्या फायली विसरू नका: अपिलाची मुदत, जिल्हा न्यायालयात तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद, अशिलाला लेखी कळवा. मूळ दस्त परत देताना यादीवर सही घ्या.

कंपनी तीस दिवसांत रुजू व्हा म्हणेल. साठ ते नव्वद मागा आणि कारण सांगा: बोर्डावर इतकी प्रकरणं आहेत, ती नीट सोपवून येतो. जो विभागप्रमुख हे ऐकून घेत नाही त्याच्या हाताखाली काम करणं तसंही अवघडच जाईल.

रुजू झाल्यावर वकिलाला तीन सवयी नडतात. पहिली, प्रत्येक प्रस्तावाला ‘हे करता येणार नाही’ असं उत्तर. तिथे ‘असं केलं तर करता येईल’ अपेक्षित असतं. दुसरी, शेवटच्या रात्री काम करणं. कंपनीत मुदतवाढीचा अर्ज नसतो. तिसरी, कागद एकट्याने तयार करून एकदम सादर करणं, जिथे बाकीचे अर्धा कच्चा मसुदा सगळ्यांसमोर ठेवतात. तुमचा वरिष्ठ कदाचित तुमच्याहून पाच वर्षांनी लहान असेल आणि तुम्हाला नावाने हाक मारेल. कोर्टात ‘साहेब’ ऐकायची सवय लागलेल्यांना हेच सर्वांत जड जातं, पगारापेक्षाही.

जुन्या अशिलांचे फोन वर्षभर येत राहतील. मित्राच्या वकीलपत्रावर स्वतः युक्तिवाद तयार करून देणं, शनिवारी एखादी तारीख करून येणं, हे बंद म्हणजे बंद. अधिकार नसताना न्यायालयात वकिली करणं हा वकील अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. गाडीच्या काचेवरचं स्टिकर आणि लेटरहेडवरचं ‘अ‍ॅड.’ त्याच आठवड्यात काढा, आणि सनद पाठवल्याची टपाल पावती, तिची साक्षांकित छायाप्रत व बार कौन्सिलचं उत्तर हे तिन्ही कागद एका फायलीत ठेवा. परत यायचं झालंच तर पहिली मागणी त्यांचीच होते.